घरी शिकते की घरी बसते?

धरणाच्या अलीकडच्या, पलीकडच्या, बांधीत निंदण करता करता मोबाइल कमरेला खोचून ऐकणाऱ्या आणि चुलीपुढे बसून ऐकणाऱ्या सगळ्या बायांना माझा रामराम. मागच्या वेळी मी शेळ्यांच्या लसीबद्दल बोलले होते. आज पोरांच्या शिक्षणाबद्दल बोलणार आहे. खरं सांगायचं तर शाळेत न जाणाऱ्या पोरांबद्दल.

त्याची सुरुवात अशी झाली. आमचा गट इटियाडोह पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना मासे-भात करून घालतो, हे तुम्हाला माहीत आहे. रविवारी हात पुरत नाहीत आणि बाकीच्या दिवशी आम्ही बसून असतो. मागच्याच्या मागच्या थंडीत, बुधवारचा दिवस, नागपूरकडची एक गाडी आली. नवरा-बायको आणि दोन लेकरं. मुलगी आठेक वर्षांची, मुलगा अकराचा. ताटं वाढता वाढता आमच्यातली एक वहिनी विचारून बसली, "काहून जी, आज सुट्टी आहे का पोरायले?"

त्या बाई म्हणाल्या, "ताई, आमची मुलं शाळेत जातच नाहीत. आम्ही घरीच शिकवतो. होमस्कूलिंग म्हणतात त्याला."

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. गाडी आहे, अंगावर चांगले कपडे आहेत, आणि पोरं शाळेत नाहीत! आपल्याकडे पोरगं चार दिवस शाळेत दिसलं नाही तर गुरुजी घरी येतात. पण ती पोरं रिकामी नव्हती हो. मुलगी डोंग्यापाशी जाऊन बसली आणि माझ्या पुतण्याला विचारू लागली, की हा एकाच लाकडाचा आहे तर बुडत कसा नाही? मुलगा मला म्हणाला, "मावशी, धरणात आज पाणी किती आहे ते कोण मोजतं? आणि कसं मोजतं?" मी या पाण्याच्या काठावर तीस वर्षं काढली. गाढवी नदी अडवून हे धरण झालं, त्याच्या पाण्यावर आपलं धान पिकतं, एवढं सांगू शकले. पाणी कोण आणि कसं मोजतं, ते मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

जेवण झाल्यावर त्या बाई आमच्याजवळ बसल्या. मी विचारलं, पुढे परीक्षेचं काय करणार? त्या म्हणाल्या, चौदा वर्षं पूर्ण झाली की एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते. मग हळूच म्हणाल्या, "भीती वाटते ताई. सासूबाई रोज विचारतात, पोरांचं वाटोळं करणार का म्हणून. माझी नोकरीही सोडली मी यासाठी."

त्यांची गाडी गेली आणि भांडी घासता घासता आमच्यातली एक जण म्हणाली, "मग आमचीही पोरगी होमस्कूलिंगच करते की! नववी झाली न् घरीच आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण रात्री झोप लागेना.

कारण त्या पोरीबद्दल मीच सहा महिन्यांपूर्वी गटाच्या बैठकीत विचारलं होतं. तिची आजी लकवा मारून अंथरुणावर होती, आई-बाप मजुरीला जात होते, आणि शाळा अकरा किलोमीटरवर. तेव्हा आई म्हणाली होती, "घरीच शिकते जी ते आता." आणि मी मान डोलवून कर्जाच्या हप्त्याचा विषय काढला होता. घरी शिकते म्हणजे काय, कोण शिकवतं, काय शिकते, काहीच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या घरी गेले. म्हटलं, बाई तुझी पुस्तकं दाखव. तिनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. वर आजीच्या गोधड्या, त्याखाली औषधांच्या रिकाम्या बाटल्या, आणि सगळ्यात खाली नववीची पुस्तकं, जशी उन्हाळ्यात ठेवली तशीच. दहावीचं एकही नव्हतं.

तेव्हा मला कळलं, की आपल्या भागात "घरी शिकते" हे वाक्य कितीदा शाळा सुटली यावर पांघरूण म्हणून वापरलं जातं. पोरगा असेल तर आपण सरळ म्हणतो, शाळा सोडली. पोरगी असेल तर म्हणतो, घरी शिकते.

आता असं समजू नका की घरी शिकणं ही शहरातली नवी खूळ आहे. आपल्या महाराष्ट्रात बायांचं शिकणं घरातच सुरू झालं, कारण शाळाच नव्हती. सावित्रीबाईंना अक्षरं जोतिरावांनी शिकवली, आणि १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात त्या स्वतः शिकवायला उभ्या राहिल्या. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. नवरा शिकवायचा आणि घरातल्या बाया टोमणे मारायच्या.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती लक्ष्मीबाई डोंगरे. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. पंडिता रमाबाईंची ही आई. नवऱ्यानं, अनंतशास्त्रींनी, तिला संस्कृत शिकवलं म्हणून लोक उठले. तेव्हा ते दोघं पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. तिथे १८५८ साली रमाचा जन्म झाला. रमा शिकण्याच्या वयाची झाली तोवर वडील म्हातारे झालेले. मग आईनं शिकवलं. कधी? दिवसभर तर घरचं काम. म्हणून पहाटे, उजाडायच्या आत, लेकीला झोपेतून उठवून मांडीवर घ्यायची आणि पाठ करून घ्यायची. पुढे दुष्काळात आईबाप गेले, आणि १८७८ साली त्याच रमेला कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई!

अर्थात घरी शिकवणारा हात नेहमीच मायेचा असतो असं नाही. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी शिकवलं, पण मारूनही शिकवलं. त्या १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्ष पूर्ण होण्याआधी, क्षयानं गेल्या. शाळेच्या पुस्तकात आपण डॉक्टर झाल्या एवढंच वाचतो.

आजच्या होमस्कूलिंगचं म्हणाल तर मुंबईच्या मालविका जोशीचं नाव पेपरात गाजलं होतं. सातवीत असताना तिची आई सुप्रिया यांनी तिला शाळेतून काढलं. घरी शिकता शिकता तिला संगणकाचा नाद लागला, जगभरच्या स्पर्धेत तिनं तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटी या मोठ्या संस्थेत तिला प्रवेश मिळाला. हातात दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नाही. आपल्या देशातल्या आयआयटीत बारावीशिवाय घेत नाहीत, म्हणून तिथलं दार बंद होतं. ही गोष्ट ऐकली की सगळे म्हणतात, वा, काय यश! मी मात्र एक ओळ परत वाचली. तिच्या आईनं शिकवण्यासाठी स्वतःची नोकरी सोडली होती. नागपूरच्या बाईंनीही सोडली होती. म्हणजे ही घरची शाळा आईच्या वेळावर चालते. आपल्यापैकी कोणाला मजुरी सोडून घरी बसता येईल सांगा?

होमस्कूलिंगला कायद्याचं काय, असं गेल्या महिन्यात एकीनं फोनवर विचारलं होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि लेकराला शाळेत दाखल करणं हे आईबापाचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलं आहे. घरी शिकवण्याबद्दल वेगळी परवानगीही नाही आणि नाव घेऊन बंदीही नाही. शहरातले हे पालक त्या मधल्या जागेत राहतात. आपण त्या जागेत राहू नये असं माझं मत आहे. चौदाच्या आतलं लेकरू शाळेतच जावं. बारा वर्षांची पोरगी कधी शाळेत गेली नसेल तरी तिला वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं आणि मागचं शिकवावं लागतं, हेही याच कायद्यात आहे. कोणी "आता उशीर झाला" म्हणालं तर हे सांगा.

तशी घरची शाळा आपणही एकदा चालवून पाहिली आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनानं शाळा बंद झाल्या आणि गावातल्या पहिली ते चौथीच्या पोरांचे वर्ग परत भरले ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, सोलापूरच्या निलमनगरात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते. आपल्याकडे टॉवर लागेल तिथे पोरं जमायची. एका घरात एक मोबाइल, तोही बापाच्या खिशात. त्याचा हिशोब पुढे 'असर'च्या पाहणीत निघाला. देशभरात तिसरीतली दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी पोरं २०१८ मध्ये शंभरात सत्तावीस होती, ती २०२२ मध्ये वीसवर आली.

पण त्या काळानं एक गोष्ट दिली. २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' सुरू झालं तेव्हा पहिलीत जाणाऱ्या पोरांच्या आयांचे माता गट झाले. अंगणवाडीच्या अंगणात मेळावा झाला, कार्डं मिळाली, एकीला लीडर माता केलं. मला आठवतं, आमच्या आळीतली एक जण अंगठा लावणारी. ती म्हणे, मी काय शिकवू? तिनं मोहाच्या टोळी मोजायला लावल्या, लहान-मोठ्या वेगळ्या करायला लावल्या, पायलीत किती मावतात ते विचारलं. ते सगळं त्या कार्डावर होतंच, फक्त तिथे टोळीऐवजी बटाटे होते.

तर आता परत त्या पोरीकडे येते.

आधी म्हटलं, जूनमध्ये शाळेत परत पाठवा. मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण आजीला कोण पाहणार, इथेच गाडी अडायची. मग सतरा नंबरचा फॉर्म भरायचं ठरलं. बाहेरून दहावीला बसायला किमान पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण लागतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. हा दाखला आणायला आम्ही एका ठिकाणी पाच चकरा मारल्या. कधी साहेब नाहीत, कधी शिक्का नाही. पाचव्या वेळी गटातल्या आठ जणी गेलो आणि ओसरीवर बसून राहिलो, तेव्हा शिक्का सापडला. फॉर्म ऑनलाइन भरला, पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोरीच्या हातात दिली. आईच्या नाही, तिच्याच हातात.

मग आम्ही बैठकीत ठराव लिहिला, कर्जाचा लिहितो तसाच. दुपारी एक ते तीन त्या पोरीला कोणी हाक मारायची नाही. पाण्याला नाही, सरपणाला नाही, आजीसाठीही नाही. त्या दोन तासांत आजीजवळ आळीपाळीनं आम्ही बसायचं. पहिले पंधरा दिवस ठराव पाळला, मग रोवणी आली आणि मोडला. हे लपवून काय उपयोग? रोवणीचे वीस दिवस पुस्तक बंद होतं. पुढे पुन्हा सुरू केलं. गणित आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं. गावात डी.एड. झालेली एक सून आहे, नोकरी नाही म्हणून घरीच. तिला विचारलं तर ती रडायलाच लागली, म्हणाली, लग्न झाल्यापासून मला कोणी काही शिकव म्हटलंच नाही. संध्याकाळी ती शिकवू लागली, आणि एकीसाठी सुरू केलेल्या शिकवणीला पाच पोरी बसू लागल्या.

खरी अडचण मार्चमध्ये आली. दहावीची परीक्षा आणि मोहाची फुलं एकाच वेळी येतात, हे बोर्डाला कोण सांगणार? मोह पहाटेच वेचावा लागतो, उजाडल्यावर गुरं-ढोरं खातात. आणि अभ्यासाचा वेळही पहाटेचाच. लक्ष्मीबाईंना जंगलात निदान मोह वेचायचा नव्हता! पोरीची आई म्हणाली, "मोह सोडला तर तेल-मिठाचं काय?" तिचं खोटं नव्हतं. मग सहा जणींनी आपापल्या टोपलीतून रोज एक-एक पायली तिच्या घरी टाकली. परीक्षा संपेपर्यंत. दोघींच्या नवऱ्यांनी कटकट केली, तीही ऐकून घेतली.

आणि पोरगी गणितात नापास झाली.

त्या दिवशी गटात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. एक जण म्हणालीच, "गेला आपला मोह पाण्यात." पोरगी दोन दिवस बाहेर निघाली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः आली आणि विचारलं, पुरवणीचा फॉर्म कधी आहे. त्या पुरवणी परीक्षेत ती पास झाली. बेचाळीस गुण. निकाल आता याच महिन्यात लागला, म्हणून आज हे बोलते आहे.

आता यश कशाला म्हणायचं, यावर आमच्यात भांडण आहे. आई म्हणते, बरं झालं, आता पाहुण्यांना दहावी पास सांगता येतं. बाप म्हणतो, पोलीस भरतीला बसेल. डी.एड. झालेली सून म्हणते, बेचाळीसपैकी तीस तरी माझे आहेत. मला स्वतःला वाटत होतं, तिनं मासळीच्या काट्यावर व्यापाऱ्याची चिठ्ठी वाचून सव्वादोन किलोची चूक पकडली ना, तेच यश. आई त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, "माही पोरगी." मी हे मोठ्या कौतुकानं पोरीला सांगितलं. तर ती म्हणाली, "काकू, ते तर मी आधीही करत होती. मले परत वर्गात बसाचं आहे. बाकावर, पोरींसंग."

ऐकून मी गप्प झाले. दीड वर्ष आम्ही तिच्यासाठी घरी शाळा भरवली, आणि तिला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. नागपूरची पोरं शाळेतून सुटून घरी आली त्यात त्यांची मोकळीक, आणि हिची मोकळीक शाळेच्या बाकावर. आजी यंदा होळीनंतर वारली. वाईट झालं, पण तिच्या जाण्यानंच पोरीचा रस्ता सुटला हेही खरं. अकरावीला नाव घातलं आहे. गेल्या सोमवारपासून ती बसनं जाते.

म्हणून मैत्रिणींनो, बैठकीत कोणी "घरी शिकते" म्हणालं तर मी केलं तसं हप्त्याच्या विषयावर जाऊ नका. तिच्या घरी जा, पुस्तकं पाहा. दिवसाचे दोन तास तिचे स्वतःचे आहेत का विचारा. अडलं तर कोणाला विचारते, आणि फॉर्म भरल्याची पावती कुठे आहे, हेही विचारा. पावती नसेल तर ती शिकत नाही, घरी बसली आहे.

सतरा नंबरचे फॉर्म दरवर्षी साधारण पावसाळ्यातच निघतात, नेमक्या तारखा जवळच्या हायस्कूलमध्ये विचाराव्या. बारावीला बाहेरून बसायचं तर दहावी होऊन दोन वर्षं झालेली लागतात. चौथीतच शाळा सुटलेल्या बायांसाठी राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीचीही परीक्षा देता येते. एनआयओएसची दहावी मराठीतून देता येते, आणि एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एक-एक विषय सोडवत गेलं तरी चालतं. हे पोरींसाठी सांगते तसं तुमच्यासाठीही सांगते. आमच्या गटातल्या तिघींनी यंदा नाव घालायचं ठरवलं आहे. त्यात एक मी आहे. माझी नववी झाली आहे, आणि गणिताची मला अजूनही भीती वाटते.

येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता समाजमंदिरात बसणार आहोत. येताना शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि दोन फोटो आणा. दाखला हरवला असेल तरी या, त्याचंही पाहू. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे कोण कुठे बसेल ते ठरवता येईल.

येते मग. नमस्कार.